पहिलं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

स्वागत! आधी रुक्ष काम उरका. तुमच्याकडे कायदा कशाला 'पुरातन' मानतो आणि परवाना कधी लागतो, हे स्वतः तपासा. विक्रेत्याच्या 'चालतं हो' वर जाऊ नका. कोणतंही रिव्हॉल्व्हर हातात आलं की ते भरलेलंच आहे असं धरा.

सुरुवातीला एकच मॉडेल निवडा. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेलं वेबली मार्क ६ चांगलं. त्यावर वर्षही सापडतं.

पूर्वीच्या मालकाचा शोध हा खरा नाद, आणि नवखे फसतात तेही इथेच. जर्मन १८७९ आणि १८८३ च्या मॉडेलांवरचे तुकडीचे शिक्के रेजिमेंट सांगतात, माणूस नाही. ब्रिटिश अधिकारी मात्र अनेकदा रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने घेत, म्हणून कधीकधी नाव कोरलेलं मिळतं. नाव आणि रेजिमेंट दोन्ही असतील तर आधी लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) चाळा, मग लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या (राष्ट्रीय अभिलेखागार) अधिकाऱ्यांच्या फायली. नुसती आद्याक्षरं असतील तर घाई नको, तशी आद्याक्षरं असलेले अधिकारी ढिगाने निघतात. अमेरिकी कोल्ट रिव्हॉल्व्हरबद्दल कंपनीच्या अभिलेखागाराकडून पत्र मिळू शकतं. ते मुख्यतः माल कधी आणि कुठे रवाना झाला हे सांगतं.

हे टाळा:
- पॉलिश किंवा नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर). पुसट अक्षरं कायमची जातात, किंमतही.
- कागदाविना किस्सा विकत घेणं. 'कर्नलसाहेबांचं होतं' याचे जास्त पैसे देऊ नका.
- सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) न बघणं. बऱ्याच वेबलींचे सिलिंडर .४५ एसीपी (अमेरिकी पिस्तुलाचं काडतूस) बसावं म्हणून मागून तासलेले असतात.

काडतुसं आणि दुरुस्तीचं नंतर बोलू.