इंजिनची पॉवर सॉफ्टवेअरमध्ये काढताय? आधी हे वाचा

अरे मित्रा, तू म्हणतोस इंजिनची पॉवर काढणारं सॉफ्टवेअर 1200 सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनला 140 हॉर्सपॉवर दाखवतंय, पण म्हणजे ते बिघडलेलं नाही, तू व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर त्याच्या मापाच्या किती टक्के हवा खरंच भरून घेतो ते) सगळीकडे सरळ 100 टक्के टाकलीयेस. टर्बो नसलेलं स्टॉक इंजिन सगळ्या आरपीएमला सिलिंडरभर हवा ओढत नाही रे, वरच्या आरपीएमला ती कमी होत जाते म्हणून टॉर्कही पडतो.

आधी हाताने हिशोब कर. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549, की किलोवॅट येतात. 4200 ला 113 न्यूटन-मीटर म्हणजे साधारण 49.7 किलोवॅट, सॉफ्टवेअरचा ग्राफ तिथे जुळला नाही तर पुढे जाऊच नकोस.

दुसरं, सॉफ्टवेअरमध्ये हवेचं तापमान 25 अंश ठेवू नकोस, मे महिन्यात सायनच्या सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय भट्टी असते माहितीये ना, गरम हवा पातळ, त्यात आपली दमट हवा, वाफ ऑक्सिजनची जागा खाते.

आणि कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) आकडे नेटवरून उचलू नकोस प्लीज. मी कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मीटर) लावून क्रँक हाताने हळूहळू फिरवत प्रत्येक 10 अंशाला व्हॉल्व्ह लिफ्ट वहीत लिहिली, अख्खा रविवार गेला, पण सॉफ्टवेअरचा कर्व्ह तेव्हाच डायनोशी (गाडी रोलरवर चालवून पॉवर मोजणाऱ्या मशीनशी) जुळला. असा डायनो चाकावरची पॉवर दाखवतो हां, गिअरबॉक्समधला लॉस धरूनच तुलना कर.