आर्द्रता, दमटपणा आणि सादळलेला पापड

प्रश्न असा आला आहे: ‘आर्द्रता वाढली’ हे जड वाटतं, त्याऐवजी ‘हवा दमट झाली’ असं लिहिलं तर चालेल का?

सरसकट नाही चालणार. हवामानवृत्तात टक्क्यांत सांगतात ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प मावतं, त्याच्या किती टक्के बाष्प आत्ता आहे, हे ती सांगते. ‘सापेक्ष’मधली अपेक्षा आशेची नव्हे, तुलनेची, आपला ‘पेक्षा’ही तिच्यातूनच आला. नाशिकला जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ८० टक्के आर्द्रता असली, तरी घनमीटरभर हवेत बाष्प जेमतेम साडेसात ग्रॅम. मुंबईत मे महिन्यात ३४ अंशांना ६० टक्के असेल, तर साडेबावीस ग्रॅम. टक्का कमी, बाष्प तिप्पट! आणि त्या गारठलेल्या पहाटेला कुणी नाशिककर दमट म्हणणार नाही.

हवेला दमट म्हणतो ते अंगाला कळल्यावर, उकडतंय आणि घाम वाळत नाही तेव्हा. (दमट कपडे, दमट भिंत हे वापर निराळे.) विदर्भात मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. तिथे कूलर खोली गार करतो. मुंबईत तोच कूलर खोलीचा दमटपणा वाढवतो.

टक्का ओळखणारा शब्द आपल्याकडे आहे, तो स्वयंपाकघरात: सादळणे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाला पाणी सुटतं, मग हवा गार असो की गरम. कोकणात श्रावणात तळलेल्या पापडांच्या डब्याचं झाकण थोडा वेळ उघडं राहिलं, तर पापड मोडताना वाजत नाही, नुसता वाकतो. इतका नेमका शब्द असताना तो फक्त पापड-बिस्किटांपुरता उरावा, याचं मला वाईट वाटतं.

अनेक वर्षांचा कल सांगताना तर शब्द फारच जपून वापरावा. २००० सालानंतर जगभरात जमिनीवरची सरासरी सापेक्ष आर्द्रता घटली, पण हवेतलं एकूण बाष्प वाढलं. दोन्ही खरं आहे. तापमान एका अंशानं वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. समुद्रावरून जमिनीकडे येणारं बाष्प तेवढं वाढत नाही. अशा बातमीवर ‘दमटपणा घटला’ असा मथळा दिला तर तो चुकेल. मी लिहीन: ‘बाष्प वाढलं, टक्का घटला’.