स्कॉटलंडमधील लागाव्हुलिन या डिस्टिलरीची ८ वर्षांची व्हिस्की १६ वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा जास्त धुरकट का लागते?
ती ओकच्या पिंपात निम्मीच वर्षे राहिलेली असते, हे त्याचे मुख्य कारण आहे. बार्ली वाळवताना पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या, धुरातून दाण्यांच्या टरफलांवर बसणारी, धुरकट वास देणारी फिनॉल द्रव्ये ऊर्ध्वपातनानंतरही टिकतात. मात्र पिंपात वर्षे जातात तसा त्यांचा जोर ओसरत जातो आणि लाकडाचा गोडवा वर येतो. तरीही पहिल्या घोटाला बसणारा सगळाच झणका धुराचा नसतो, कारण ८ वर्षांच्या व्हिस्कीत अल्कोहोल ४८ टक्के असते, तर १६ वर्षांच्या व्हिस्कीत ४३. म्हणून चमचाभर पाणी घालून, दोन मिनिटे थांबून ती पुन्हा हुंगावी. राख, आयोडीन आणि लिंबाची साल यांचे वास मग वेगवेगळे ओळखू येतात. बर्फ मात्र टाळावा, त्याने हे सारे दबते.