गावरान कोंबडा कापायचा कधी? करवीर आणि गगनबावड्याहून आलेल्या प्रश्नांना उत्तर

करवीर तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, गेल्या दिवाळीत गिरीराज जातीची ५० पिल्लं आणली, अंडी पण मिळावीत आणि घरच्यासाठी मटण पण, आता कोंबडे सात महिन्यांचे झालेत, कापतोय तर मटण वातड लागतंय आणि खाद्याची पोती मोजली तर परवडलंच नाही, मग जात चुकली का आमची? दुसरा प्रश्न गगनबावड्याच्या एका ताईंचा, जूनमध्ये पिल्लं आणली की महिन्याभरात निम्मी मरतात, विष्ठेत रक्त दिसतं. आणि तिसरं म्हणजे घरी कापताना काय काळजी घ्यायची हे बऱ्याच जणांनी विचारलंय.

दादा, जात नाही चुकली, तारीख चुकली. वातड मटण आणि वाढलेला खर्च हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, दोन्हीचं मूळ एकच आहे, कोंबडे तीन महिने जास्त सांभाळलेत. गिरीराज बेंगळुरूची, वनराज हैदराबादची, या दुहेरी उपयोगाच्या जाती, म्हणजे माद्या अंड्याला आणि नर मटणाला. ब्रॉयलर ४० दिवसांत दोन किलोचा होतो तसा हा पक्षी होत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षा पण करू नका. याला साधारण १४ ते १६ आठवडे लागतात, चांगलं खाद्य असेल तर दीड किलोच्या आसपास जातो, आणि तिथून पुढं वाढ मंदावते पण खाणं मात्र चालूच राहतं. वरचा प्रत्येक महिना म्हणजे पोत्यातला मका जातोय आणि अंगावर मांस फारसं चढत नाहीये. शिवाय वय वाढलं, कोंबडा आरवायला लागला, माद्यांमागं धावायला लागला, एकमेकांत झुंजायला लागला की मांसातले बांधून ठेवणारे धागे घट्ट होत जातात, तोच तो वातडपणा.

आता ५० पिल्लांचा हिशोब बघा. पिल्लं नर-मादी मिसळूनच मिळतात, त्यामुळं साधारण निम्मे नर निघणार, मर सोडून २२ तरी धरा. आठ-दहा आठवड्यांत तुरा लाल आणि मोठा दिसायला लागला की नर ओळखू येतात, तेव्हाच ते वेगळे करायचे. आठ-दहा माद्यांमागं एक कोंबडा पुरतो, म्हणजे दोन ठेवा, एखादा जादा राखून ठेवा, बाकीचे सगळे मटणाचे. त्यांना परड्यात फिरू द्या, किडे, गवत, घरातली कणी, कोंडा खाऊ द्या, पण शेवटचे तीन आठवडे मका आणि पेंड जरा सढळ हातानं घाला. पूर्ण बंदिस्त ठेवून विकतच्या खाद्यावर वाढवला तर दीड किलोच्या कोंबड्याला पाच किलोच्या आसपास खाद्य जातं, ब्रॉयलरच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून हा पक्षी परड्याशिवाय परवडत नाही हे मी प्रत्येकाला सांगतो. शेंगपेंड वापरताय तर बुरशी लागलेली अजिबात नको, जनावराला नको म्हणून बाजूला काढलेली पेंड कोंबड्यांना टाकायची सवय आपल्याकडं आहे आणि त्या बुरशीच्या विषानं पक्ष्याचं लिव्हर खराब होतं, चांगले धडधाकट पक्षी हळूहळू खंगतात आणि कारण कळतच नाही.

अजून एक, बऱ्याच घरी होतं म्हणून सांगतो. गिरीराज किंवा वनराजची घरची अंडी उबवून तीच जात मिळेल असं धरू नका. हे संकरित पक्षी आहेत, पुढच्या पिढीत वजन आणि अंडी दोन्ही कमीजास्त होतात. त्या माद्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, पण फारशा बसत नाहीत. दर खेपेला पिल्लं नवीन आणा, कोल्हापुरात सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करून नंबर लावा. ज्यांना घरचं बी घरातच ठेवायचंय त्यांनी आपली साधी गावरान पाळावी, वर्षाला ५०-६० च अंडी देते पण खुडूक बसते, दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन २१ दिवसांत पिल्लं काढते आणि घारीपासून राखते पण. फक्त कोंबडा दरवर्षी दुसऱ्या गावातून बदलून आणा, नाहीतर घरातल्या घरात रक्त मिसळून पिल्लं बारकी आणि कमजोर निघायला लागतात.

आता गगनबावड्याच्या ताई. तुम्ही सांगताय ती रक्ती हगवण आहे असं लक्षणांवरून वाटतं, तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत येते आणि ओल्या गादीत, म्हणजे पिल्लांखाली अंथरलेल्या तुसात, तिचे जंतू वाढतात. तुमच्याकडं जून-जुलैला जो पाऊस पडतो त्यात पिल्लाखालची गादी कोरडी ठेवणं कुणालाच सोपं नाही, तुमचा दोष नाही यात. औषध पाण्यातून देता येतं पण ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, एक मेलेलं पिल्लू सोबत न्या म्हणजे फाडून बघता येईल, उगाच दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. पण खरा उपाय वेळेचा आहे, तुमच्या भागात पिल्लं दसऱ्यानंतर आणा. गादीला भाताचं तूस घाला, दोन-तीन इंच, रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं रोजच्या रोज काढून टाका. उसाचं पाचट बारीक करून वापरतात काहीजण, चालतं, पण ओल धरलं की लगेच बुरशी येते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन अंशानं कमी करायची, पण थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडं बघा, बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतीय, कडेला पळून चोच उघडी ठेवली असेल तर उकडतंय. लस चुकवू नका, मानमोडी (राणीखेत रोग) आली तर आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीचीच लासोटा लस डोळ्यात एक थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्यात परत लासोटा, सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची आणि आठव्याला मानमोडीची आर-टू-बी ही दुसरी लस. लसीची छोटी कुपीसुद्धा शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, एकट्याला परवडत नाही, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी मिळून घाला, बर्फात आणा आणि कालवल्यावर तासाभरात संपवा, दुपारी उन्हात ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

घरी कापताना, आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू, पोट रिकामं असलं की आतडी साफ निघतात आणि मटण खराब होत नाही. औषध चालू असलेला पक्षी कापू नका, किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पिसं काढायला खळखळ उकळतं पाणी नको, कातडी शिजते आणि फाटते, उकळतं आणि साधं पाणी निम्मं निम्मं मिसळा, त्यात मिनिट-दीड मिनिट बुडवा, पिसं सहज निघतात. मग आपण करतो ती चूक म्हणजे कापला की तासाभरात चुलीवर. कापल्यावर मांस काही तास आखडलेलं असतं, तेव्हाच शिजवलं तर कोवळा कोंबडा पण चिवट लागतो. स्वच्छ धुऊन फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी करा, फरक पहिल्या घासाला कळेल.

यात्रेसाठी पाळत असाल तर तारखेपासून मागं मोजा. चैत्रातल्या यात्रेला कोंबडा हवा असेल तर पिल्लं डिसेंबरच्या शेवटी घरात आली पाहिजेत, आखाडासाठी मार्चच्या मध्याला, पण मग उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी दिवसातून दोनदा बदलायची तयारी हवी.

आणि दादा, तुमच्याकडं उरलेले सात महिन्यांचे कोंबडे आता अजून सांभाळू नका. ते सुक्याला वापरू नका, हाडासकट मोठे तुकडे करा, हळद-मीठ-आलं-लसूण लावून मंद आचेवर दीड-दोन तास अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता, शिजवा, कुकरची घाई नको. त्या अळणी पाण्याचा पांढरा रस्सा करा, असा रस्सा ४० दिवसांच्या ब्रॉयलरपासून कधीच होत नाही. तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, मात्र एकही कापू नका, त्या आता अंड्यावर येतील, त्यांना शिंपल्याचा चुरा द्यायला आजपासूनच सुरुवात करा.