वाचक विचारतात : कूसीचा ढिगारा

प्रश्न : धाकटी लेक पॅरिसला शिकते. तिनं उत्तर फ्रान्समधल्या कूसी गावच्या पडक्या वाड्याचे फोटो पाठवलेत. गावाचा तट, वेशी बऱ्यापैकी उभ्या आहेत आणि मुख्य बुरुजाच्या जागी मात्र नुसता दगडांचा ढीग. बाकीचं टिकलं आणि सगळ्यात भक्कम तेच कसं पडलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पडलं नाही, पाडलं. आणि त्याला वाडा म्हणू नका, कूसीच्या धन्यांना राग आला असता! हा जहागीरदाराचा किल्ला. त्या घराण्याचं ब्रीदच होतं : मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी. तिसऱ्या आंगेराँनं तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा बुरूज चढवला. उंची सुमारे ५४ मीटर, म्हणजे आपल्याकडची अठरा मजली इमारत. व्यास ३१ मीटर. पॅरिसला लुव्रमधला खुद्द राजाचा बुरूज याच्या निम्म्या व्यासाचा होता. यावरून मिजास ओळखा.

घराण्याचा शेवटचा पुरुष सातवा आंगेराँ. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा जावई. १३९६ला निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी बुर्सात कैदेतच गेला. पुढे मालक बदलत राहिले.

पहिला घाव घरचाच. १६५२मध्ये, सरदारांच्या बंडाच्या धामधुमीत, मंत्री माझारँनं किल्ला निकामी करायला लावला. (आपल्या गडांच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ नंतर तोडल्या, त्यामागचं गणित हेच.) बुरूज तरीही उभा राहिला. पुढे भूकंपात त्याला तडे गेले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात व्हिऑले-ल-द्युक या वास्तुविशारदानं पिंपाला घालतात तशा लोखंडी पट्ट्या त्याला आवळल्या.

मग पहिल्या महायुद्धातला मार्च १९१७. जर्मन सैन्य माघार घेत होतं आणि मागे काही उपयोगाचं ठेवायचं नाही असा हुकूम होता. बव्हेरियाचा युवराज रुप्रेष्ट हा त्यांचाच सेनापती. त्यानं हा किल्ला वाचवावा म्हणून रदबदली केली. जर्मन सेनेची सूत्रं हाती असलेल्या जनरल लुडेनडॉर्फनं ऐकलं नाही. एकट्या या बुरुजाखाली २८ टन स्फोटकं ठासली. ज्याचा युद्धाला काडीचा उपयोग नव्हता, अशा वास्तूवर एवढी दारू खर्च करणं मला आजही निव्वळ खुन्नस वाटते.

फ्रेंचांनी त्या अवशेषांना रानटीपणाचं स्मारक ठरवलं. युद्धाच्या भरपाईतून बाकीचे बुरूज मोकळे केले, भिंती सावरल्या. या बुरुजाचा ढीग मुद्दाम तसाच ठेवला. लेकीनं फोटो काढला तो हाच.

ती पुन्हा गेली तर ढिगाभोवती पायी फेरी मारायला सांगा. मी मारली होती. बुरुजाचा मूळ घेरच शंभर मीटरच्या आसपास, आणि दगड त्याच्याही बाहेर पसरलेत. चपला घालून जाऊ नये, एवढं मात्र तिला आधी सांगून ठेवा.