अमेरिकेत सरकारी नोकरी मिळतेय, पण फोनवर ऐकू येत नाही: रिले सेवेबद्दल

तुम्ही विचारलंय की दोन्ही कानांना यंत्र आहे, समोरच्याचं बोलणं ओठ वाचून कळतं, पण फोनवर काही उमगत नाही. अमेरिकेत एका राज्याच्या सरकारी खात्यात नोकरी मिळतेय आणि कामात फोन भरपूर आहेत, तर घ्यावी का? घ्या. मीही यंत्र लावते आणि अशाच एका खात्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे फोन आणि मीटिंग यांची सोय दोन वेगळ्या खिशांतून होते, हे आधी पक्कं लक्षात घ्या. फोनची रिले सेवा, म्हणजे पलीकडचं बोलणं मधल्या माणसाने किंवा मशीनने अक्षरांत वा खुणांत पोचवणं, हा १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्याने, म्हणजे एडीएने, दिलेला हक्क आहे. नियम एफसीसी हा केंद्रीय आयोग करतो आणि पैसा फोन कंपन्यांकडून गोळा होणाऱ्या निधीतून येतो. त्यामुळे रिलेचं बिल ना तुम्हाला, ना ऑफिसला. मीटिंगमधला सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा तिथल्या तिथे टाइप होणारी कॅप्शन्स यांचा खर्च मात्र ऑफिसने करायचा. एकाच खोलीत बसलेल्या दोघांसाठी व्हिडिओ रिले, म्हणजे पडद्यावरच्या दुभाष्यामार्फत होणारा फोन, वापरायला बंदी आहे. एखादा साहेब ‘ते फुकटचं ॲप आहे ना, मीटिंगला तेच लावा’ म्हणेल, तेव्हा हा नियम सांगा.

तुम्ही स्वतः बोलता, म्हणजे तुमच्या कामाचा कॅप्शनवाला फोन. तुम्ही तुमच्याच आवाजात बोलायचं, समोरच्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत येतं. आता बरीचशी कॅप्शन्स मशीनच करतं. बोलणं बरं उतरतं, आडनावं आणि फाइल नंबर यांची मात्र वाट लागते, ते परत वाचून खात्री करून घ्यायचे. शिवाय अक्षरं थोडी मागून येतात. समोरचा विचारतो, ‘तुमचा केस नंबर?’ तुमच्या पडद्यावर अजून त्याचं आधीचंच वाक्य सरकत असतं, आणि तेवढ्यात तिकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू होतं. म्हणून मी फोन उचलल्यावर पहिलंच वाक्य म्हणते: मी कॅप्शन वाचून बोलते, उत्तराला क्षणभर लागेल. निम्मी कटकट तिथेच मिटते.

व्हिडिओ रिलेत दुभाषी पडद्यावर खुणा करतो आणि पलीकडच्याशी इंग्रजीत बोलतो. सेवा उत्तम आहे, पण ती अमेरिकन सांकेतिक भाषेत चालते. भारतीय सांकेतिक भाषा येत असेल तर तेवढ्यावर भागणार नाही. आपल्याकडे अक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात, इथे एकाच हाताने, आणि बाकीच्या खुणाही वेगळ्या. या रिलेत एक त्रासही आहे: अनोळखी आवाज ‘रिलेवरून फोन आहे’ म्हणाला की लोकांना विक्रीचा फोन वाटतो आणि ते ठेवून देतात. ज्यांच्याशी रोजचं काम आहे त्यांना आधी ईमेलने कळवून ठेवतात, तोच उपाय.

७११ हा नंबर सगळे सांगतील. तो टीटीवाय, म्हणजे फोनवरून टाइप करून बोलायची जुनी यंत्रं, आणि बोलण्यात अडचण असणाऱ्यांसाठीच्या सेवा यांचा दरवाजा आहे, तुम्हाला फारसा लागणार नाही. जुन्या माहितीत ‘फेडरल रिले’ हे नावही सापडेल. ती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीची सेवा होती, २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाली. तिच्या मागे लागू नका.

नोंदणी भारतातून उरकण्यासारखी नाही. नाव, जन्मतारीख, अमेरिकेतला राहता पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर या इथल्या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागतात. तो नंबर इथे आल्यावरच मिळतो. सुरुवातीचे आठवडे ईमेल आणि चॅटवर काढायची तयारी ठेवा आणि तसं साहेबांना आधीच सांगा. नोंदवलेला पत्ता घर बदललं की लगेच बदला, कारण ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला तर मदत त्याच पत्त्यावर निघू शकते.

ऑफर हातात येईपर्यंत ऐकण्याबद्दल प्रश्न विचारायला त्यांना कायद्याने मनाई आहे. ऑफर आली की मात्र तुम्हीच एचआरला लेखी कळवा आणि त्यात ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ (अपंगत्वामुळे कामात लागणारी वाजवी सोय) हे शब्द असेच वापरा, त्यावर त्यांना हालचाल करावीच लागते. त्याच पत्रात आयटीचंही लिहा. सरकारी ऑफिसांत फायरवॉल कडक असते. माझं कॅप्शनचं ॲप मंजूर व्हायला इतका वेळ गेला की तोवर माझे फोन शेजारची बाई घेत होती, आणि ती काही खूश नव्हती.

आईशी मराठीत बोलायला यातलं काहीच उपयोगी नाही, कॅप्शन्स इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये. तिथे साधा व्हिडिओ कॉल आणि ओठ वाचणं हेच.

येताना अलीकडचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा अहवाल, इंग्रजीत सहीशिक्क्यासह आणा. एचआर तो मागू शकतं, आणि इथे नव्याने करायचा तर आधी विमा सुरू व्हायला हवा.