तिला खायला द्या

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लगेच उत्तर लिहिलं असतं तर त्याचा उपदेश झाला असता, आणि उपदेश तर तुला दर रविवारी मिळतोच. म्हणून थांबले.

तू लिहिलंस की शिबिराच्या शेवटच्या रात्री सगळे डोळे मिटून प्रभूच्या सौंदर्याची गाणी म्हणत होते, शेजारची मैत्रीण हुंदके देत होती, आणि तू मात्र छताचा पंखा बघत उभी होतीस. 'तो माझ्यासाठी मेला हे मला खरं वाटतं, मावशी. पण सुंदर? मला तसं काही दिसत नाही. मी ढोंगी आहे का?'

अगं, ढोंगी असतीस तर तूही रडली असतीस.

पंडिता रमाबाईंचं चरित्र तुला शब्बाथ शाळेत मीच शिकवलं. केडगावचं मुक्ती मिशन, संस्कृतवरचं प्रभुत्व, बायबलचं भाषांतर, हे सगळं तुला पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट मी मुलांना कधी सांगत नाही, कारण ती मोठ्यांची आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव भाषणं करून निधी उभा केला, 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आणि बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. एवढ्या विद्वान, एवढ्या त्यागी बाईला हे कबूल करायला लाज वाटली नाही. तू एकोणीस वर्षांची आहेस. शिबिरात काही वाटलं नाही म्हणून एवढी घाबरू नकोस.

मात्र त्या सात-आठ वर्षांत रमाबाई अगदीच अंधारात होत्या असंही नाही. बाप्तिस्म्याच्या आधी लंडनमधल्या फुलहॅम भागात त्यांनी एक काम पाहिलं होतं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत होत्या. असं पूर्वी त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या भगिनींपैकी एकीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

तो अध्याय काढ आणि जरा बघ. भर दुपारची वेळ, दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसलेला आहे. त्याच्याकडे पोहरासुद्धा नाही. ज्यांच्याशी यहूदी माणूस कसलाच व्यवहार ठेवत नाही त्यांतली एक बाई घागर घेऊन येते, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. तारण, आत्मा, उपासना या सगळ्या गोष्टी पुढे येतात. पहिलं वाक्य फक्त 'मला प्यायला दे' एवढंच. ज्या मुलुखात 1927 साली महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या माणसाला या वाक्याचं वजन समजावून सांगायला नको. तो तिला पाणी देऊन उपकार करत नाही, तिच्या हातचं मागतो. आधी तिला देणारी करतो. रमाबाईंना तिथे दिसलं की आपल्या देशातल्या बायकांना उठवेल तो हाच.

आता माझी गोष्ट. मी तालुक्याच्या गावी नर्स होते तेव्हाची. विषमज्वराची एक मुलगी वॉर्डात होती, बाराएक वर्षांची. ताप हटतच नव्हता. आईबाप, आजी, चुलते सगळे व्हरांड्यात मुक्कामाला. माझी रात्रपाळी होती. पहाटे तिला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, तिने डोळे उघडून आईला हाक मारली. मग काय! आई रडतेय, आजी डॉक्टरांच्या पाया पडतेय, चुलता त्या अंधारात पेढ्यांचं दुकान शोधायला निघालाय. मी थर्मामीटर झटकून तक्त्यावर आकडा लिहिला आणि मनात प्रभूचे आभारही मानले. त्या सगळ्या गोंधळात आमची आयाबाई, जिला सहीसुद्धा येत नव्हती, फडक्याला हात पुसत म्हणाली, 'अहो, पोरीला कुणी पेज द्या की.'

पुढच्या रविवारी माझ्याकडे याईराच्या मुलीचा धडा होता. मार्काचा पाचवा अध्याय. मी तो धडा दरवर्षी घ्यायचे, आणि येशूने 'तलीथा कूम', म्हणजे 'मुली, ऊठ', म्हटल्यावर मुलगी उठून चालू लागली की पुस्तक मिटायचे. चित्रांचा संचही तिथेच संपायचा. त्या दिवशी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मेलेली मुलगी उठली आहे, आईबाप थक्क होऊन उभे आहेत, आणि ज्याने हे केलं तो म्हणतो, तिला खायला द्या.

बाळा, मी त्या वर्गात पोरांसमोर गप्प उभी राहिले. मरणाला हाक मारून परतवणारा आणि पोरीच्या पोटातली भूक ओळखणारा एकच. चमत्काराची वाहवा ऐकत तो थांबला नाही. बारा वर्षांची मुलगी आजारातून उठली तर तिला आधी काय लागेल, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच सुचलं. त्याआधी 'तो देव आहे', 'तो दयाळू आहे' ही वाक्यं मी शेकडो वेळा म्हटली असतील. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो आवडला. हा शब्द पाळकसाहेबांना फार साधा वाटेल, पण मला दुसरा सापडत नाही.

मराठीत आपण सुंदर माणसाला देखणा म्हणतो. देखणा म्हणजे ज्याच्याकडे बघत राहावं असा. तेव्हा आधी बघावं लागतं. आपण शास्त्रभाग वाचतो आणि लगेच 'यातून मला काय शिकायला मिळतं' या प्रश्नावर उडी मारतो. तरुण संघाच्या अभ्यासाच्या कागदांवरही पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो मला अजिबात आवडत नाही. तुझ्या घरी पाहुणा आला आणि त्याच्या तोंडाकडे न बघता तू त्याच्या पिशवीतच बघायला लागलीस, तर कसं दिसेल? महिनाभर तो प्रश्न बाजूला ठेव. मार्काचं शुभवर्तमान घे, एका दिवशी एकच प्रसंग वाच, मोठ्याने, दोनदा. मग वहीत लिही की त्याने काय केलं, कुणाकडे पाहिलं, कुणाला हात लावला, कधी गप्प राहिला. कुष्ठरोग्याला तो नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता, तरी आधी हात पुढे करून स्पर्श केला. मी पट्ट्या बांधायचं काम केलं आहे, म्हणून सांगते, बरं होण्याच्या आधी तो हात लागणं ही केवढी गोष्ट असते.

मोबाईलवर नको, वहीतच लिही. हात सावकाश चालला की डोळाही सावकाश चालतो.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावी जोनाथन एडवर्ड्स नावाचा पाळक होता. 1734 साली छापलेल्या एका प्रवचनात त्याने म्हटलं की मध गोड असतो हे ठाऊक असणं वेगळं आणि जिभेला तो गोडवा कळणं वेगळं. देवाच्या सौंदर्याचंही तसंच आहे. तुझ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. पण याच माणसाने गुलाम विकत घेतले होते आणि ते त्याच्या घरात राबत होते, हेही तुला सांगायला हवं. ख्रिस्ताच्या सौंदर्यावर इतकं लिहिणाऱ्याला आपल्याच स्वयंपाकघरातलं माणूस दिसलं नाही.

बेथसैदाचा आंधळा आठवतो? मार्काच्या आठव्या अध्यायातला. येशूने त्याच्या डोळ्यांना हात लावून विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशूने पुन्हा हात ठेवला आणि सगळं स्वच्छ दिसू लागलं. दोन टप्प्यांत झालेला चमत्कार शुभवर्तमानांत हा एकच आहे. आणि मार्काने तो नेमका कुठे ठेवलाय बघ. त्याच्या आधी येशू शिष्यांना म्हणतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय? त्याच्या नंतर त्यांच्यातलाच पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस, आणि पाठोपाठ त्याच पेत्राला वधस्तंभाचं बोलणं सोसत नाही. अर्धंच दिसलं होतं त्याला.

माणसं झाडांसारखी दिसणं हे अर्ध्या दृष्टीचं लक्षण आपल्या मंडळीतही आहे. लग्नाची बोलणी निघाली की 'मूळचे कोण?' हा प्रश्न अजून हळूच विचारला जातो, आणि विचारणारे आराधनेत पहिल्या रांगेत असतात. लक्ष्मीबाई टिळकांनी या बाबतीत फार खरं लिहिलं आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही, त्याला वर्षं लागली. ती ओढाताण त्यांनी लपवली नाही, उलट स्वतःवर हसत सांगितली. म्हणून तुला डोळ्यांत पाणी आलं की नाही, हे मी विचारणार नाही. शुभवर्तमान वाचून झाल्यावर होस्टेलचा जिना झाडणाऱ्या बाईचा चेहरा तुला जरा जास्त स्पष्ट दिसला का, ते सांग.

वधस्तंभाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या लहानपणी घरोघरी कॅलेंडरवर येशू असायचा. सोनेरी केस, निळे डोळे, गुळगुळीत हात. मला वाटायचं, सुंदर म्हणजे तेच. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तर उलटंच आहे. त्याला रूप नव्हतं, लोक त्याच्यापासून तोंड फिरवत. रोमी लोक माणसाला खांबावर टांगायचे ते त्याची विटंबना करण्यासाठीच. तरी दोन हजार वर्षं ख्रिस्ती माणसं तिकडेच बघत आली आहेत. का, ते मला पुस्तकी भाषेत सांगता येणार नाही. नर्स म्हणून सांगते. मी आयुष्यभर व्रण पाहिले, आणि माणसं ते झाकतात. येशू मरणातून उठला, बंद दारांच्या आत आला, 'तुम्हाला शांती असो' म्हणाला, आणि लगेच त्याने आपले हात आणि कूस दाखवली. त्या नव्या शरीरावरून ते व्रण पुसता आले नसते का? त्याने ते ठेवले. आपल्यासाठी काय सोसलं, हे त्याने झाकलं नाही आणि बोलूनही दाखवलं नाही. नुसता हात पुढे केला.

हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. कशामुळे, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, तेव्हा माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि दोन वर्षं मी प्रभुभोजनाला पुढे जात नव्हते. त्या काळात मी योहानाचा शेवटचा अध्याय पुनःपुन्हा वाचायचे. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणून प्रभूला नाकारलं, तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. योहान शेवटी पुन्हा कोळशाचा विस्तव दाखवतो, पहाटे, समुद्रकाठी. तो कुणी पेटवलाय? स्वतः येशूने. वर मासळी ठेवली आहे, भाकर आहे. रात्रभर जाळं टाकून दमलेला, मनातून मोडलेला पेत्र भिजून काठावर येतो, आणि येशू त्याला 'का नाकारलंस?' असं विचारत नाही. या, न्याहारी करा, म्हणतो. 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हा प्रश्न येतो तो जेवणं झाल्यावर.

ते मी किती वेळा वाचलं, त्याचा हिशेब नाही. एका रविवारी उठून पुढे गेले.

तू विचारशील, मावशी, हे असं वाचत राहिलं की दिसतंच का? नाही गं. डोळे उघडणं आपल्या हातात असतं तर शिबिराच्या बॅंडनेही ते जमवलं असतं. ते पवित्र आत्म्याचं काम आहे. पौल इफिसकरांना लिहितो की तुमचे अंतःचक्षू प्रकाशित व्हावेत अशी मी प्रार्थना करतो. ही माणसं आधीपासून विश्वास ठेवणारी, बाप्तिस्मा झालेली होती बरं का. तरी त्यांच्यासाठी तीच प्रार्थना. मी ती तुझ्यासाठी तुझं नाव घालून करते, तू माझ्यासाठी माझं घालून कर. मलाही अजून बरंच झाडांसारखं दिसतं. कोरड्या दिवशी रडण्याचा प्रयत्न करू नकोस. प्रसंग वाच, वहीत दोन ओळी लिही, आणि कॉलेजला जा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तू इकडे येणार आहेस असं तुझी आई म्हणत होती. वही घेऊन ये. उपासना झाली की फाटकापाशी गप्पा मारत उभी राहू नकोस, थेट घरी ये. तुझे प्रश्न नंतर बघू. बोंबील आणून ठेवते, भाकरी तू आल्यावर टाकीन.

तुझी,
मावशी